डोमेनची दरवाढ: आधी वाढ कोणाची ते शोधावे, मग विरोध नोंदवावा

२०२५च्या सप्टेंबरमध्ये घणसोलीतल्या एका महिला बचत गटाच्या खजिनदार ताई डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, नूतनीकरणाचे बिल घेऊन ठाण्यातल्या नौपाड्यात माझ्याकडे आल्या होत्या. गट मसाले, कुरडया-पापड आणि दिवाळीचा फराळ विकतो. ऑर्डरी घेता याव्यात म्हणून त्यांनी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डॉट कॉमचे एक नाव घेतले होते आणि तेव्हा १९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे २३४ रुपये ८२ पैसे भरले होते. आता बिलावर होते ते असे: नूतनीकरण, एक वर्ष, १,४९९ रुपये, गोपनीयता संरक्षण (मालकाचा तपशील सार्वजनिक नोंदीत झाकण्याची सेवा), ५९९ रुपये, जीएसटी, ३७७ रुपये ६४ पैसे, एकूण २,४७५ रुपये ६४ पैसे. ताईंनी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “मॅडम, वरून रजिस्ट्रीनेच रेट वाढवलेत, आमच्या हातात काही नाही.”

हे उत्तर खोटे होते आणि ते खोटे आहे हे पाच मिनिटांत कागदावर मांडता येत होते. डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे सर्व नावांची मूळ नोंद ठेवणारी रजिस्ट्री विक्रेत्यांकडून घेते तो दर, १ सप्टेंबर २०२४ रोजी १०.२६ डॉलर झाला आणि करारानुसार त्यापुढची वाढ २६ ऑक्टोबर २०२६च्या आधी करता येत नव्हती. म्हणजे गटाने नाव घेतले तेव्हाचा घाऊक दर आणि नूतनीकरणाच्या वेळचा घाऊक दर एकच होता. दरवाढीला विरोध करायला निघालेल्या बहुतेकांची पहिली चूक येथेच होते. राग खरा असतो, परंतु पत्ता चुकतो. रजिस्ट्रारने, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीने, वाढवलेल्या रकमेबद्दल थेट रजिस्ट्रींशी करार करणाऱ्या आयकॅन या संस्थेला लिहिले जाते, जेथे रक्कम जास्त आहे एवढ्यावर कोणी काही करत नाही. आणि रजिस्ट्रीच्या खऱ्या दरवाढीबद्दल ग्राहकसेवेतल्या मुलाला फैलावर घेतले जाते, ज्याच्या हातात खरोखरच काही नसते. म्हणून या लेखातला क्रम असा ठेवला आहे: आधी वाढ कोणाची ते ठरवणे, मग स्वतःचे नाव आणि पैसे सुरक्षित करणे, आणि त्यानंतर ज्याची वाढ त्याच्या दारात विरोध नेणे.

बिलातला पैसा कोणकोणाकडे जातो

डोमेन विकत घेतले असे आपण बोलतो, प्रत्यक्षात ते ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावे नोंदवलेले असते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी करता येते. ज्या दुकानातून आपण नाव घेतो तो रजिस्ट्रार, किंवा बरेचदा त्याच्याही खालचा रिसेलर. एखाद्या विस्ताराचे, म्हणजे नावाच्या शेवटी येणाऱ्या डॉट कॉम, डॉट इन यांसारख्या भागाचे, संपूर्ण दप्तर सांभाळते ती रजिस्ट्री. डॉट कॉम आणि डॉट नेट यांची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी आहे. डॉट ऑर्गची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था. आणि डॉट इन तसेच डॉट भारत यांची नोंदणी २००३ साली स्थापन झालेली निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, पाहते. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या जागतिक विस्तारांच्या रजिस्ट्रींशी करार करणारी संस्था म्हणजे १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आयकॅन.

आता ताईंच्या बिलाची फोड करू. घाऊक दर १०.२६ डॉलर. त्यावर आयकॅनचे शुल्क, जे १ जुलै २०२५ पासून वर्षाला १८ सेंटवरून २० सेंट झाले. बेरीज १०.४६ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर साधारण ९२० रुपये. म्हणजे १,४९९ रुपयांपैकी सुमारे ५८० रुपये रजिस्ट्रारकडे उरतात, आणि त्यातून त्याला कार्डाचे शुल्क, कर्मचारी आणि जाहिरात हे सारे भागवावे लागते. आदल्या वर्षी १९९ रुपयांना दिलेले नाव त्याला स्वतःला पावणेनऊशेच्या आसपास पडले होते. तो उघडउघड तोट्यातला व्यवहार होता. त्यामुळे १९९चे १,४९९ झाले याला काटेकोरपणे दरवाढ म्हणता येत नाही. ते आमिष होते आणि आमिषाचा हिशेब दुसऱ्या वर्षी चुकता झाला. येथे लढायचा मुद्दा रकमेचा नसून असा आहे: नाव घेताना नूतनीकरणाचा दर स्पष्ट दिसत होता का, आणि ५९९ रुपयांचे गोपनीयता संरक्षण कोणी मागितले होते?

ही फोड प्रत्येकाने आपल्या बिलावर करून पाहावी. वहीत पाच रकाने आखावेत: रजिस्ट्रीचा घाऊक दर, आयकॅनचे शुल्क, त्या महिन्यातला डॉलरचा भाव, रजिस्ट्रारचा उरलेला वाटा, आणि न मागता जोडलेल्या सेवा. मागच्या बिलाचे आकडे वर आणि या बिलाचे खाली लिहिले की कोणता रकाना फुगला ते बोट ठेवून दाखवता येते. डॉट इनच्या बाबतीत डॉलरचा रकाना गाळावा, कारण निक्सीचे दर रुपयांत असतात. डॉट इनच्या वाढीसाठी कोणी डॉलरकडे बोट दाखवले तर तेथेच त्याला थांबवावे.

नाव आपल्याच नावावर आहे ना?

विरोधाचे पहिले पत्र लिहिण्यापूर्वी हे तपासणे अत्यावश्यक आहे, कारण ठाणे-नवी मुंबईतल्या लहान दुकानांची आणि संस्थांची अर्धी अडचण येथेच असते. ‘वेबसाइट करून देणारा मुलगा’ आपल्या स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर नाव नोंदवतो, आणि पुढे तो पुण्याला नोकरीला जातो. आयकॅनच्या लुकअप पानावर आपले डोमेन टाकले की रजिस्ट्रार कोण, नोंदणी केव्हाची, मुदत कधी संपते आणि नावावर कोणते कुलूप, म्हणजे ते हलवण्यावर कोणती बंदी, आहे हे दिसते. मालकाचे नाव बहुतेक वेळा तेथे झाकलेले असते, त्यामुळे ते रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच पाहावे लागते. खाते दुसऱ्याचे असेल तर दरवाढीची तक्रार करण्याचा अधिकारही कागदोपत्री दुसऱ्याचाच ठरतो. आधी त्या मुलाकडून खाते आपल्या संस्थेच्या ईमेलवर घ्यावे, गोडीगुलाबीने घ्यावे, आणि तसे ईमेलवर लेखी घ्यावे. मालकाचा तपशील बदलल्यास काही रजिस्ट्रार त्यानंतर ६० दिवस नाव दुसरीकडे हलवू देत नाहीत. म्हणून हे काम मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी उरकावे.

लढाई लांबली तरी नाव जाता कामा नये

निषेध म्हणून नूतनीकरण न करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात, परंतु त्यानंतर ३० दिवसांचा जो सोडवणुकीचा काळ येतो त्यात डॉट कॉमचे नाव परत मिळवायला काही हजार रुपये मोजावे लागतात, आणि तोही काळ सरला की नाव पाच दिवसांत बाजारात मोकळे होते. फराळाच्या हंगामात बंद पडलेले ईमेल कोणत्याही तक्रारीने भरून निघत नाही.

घाऊक दरवाढ जाहीर झाली असेल तर तिच्या तारखेआधी पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या दराने भरणे हा ग्राहकाच्या हातातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. नव्या विस्तारांच्या मूळ करारात तर हे कलम मुद्दाम घातलेले आहे: नूतनीकरणाचा दर वाढवायचा असेल तर रजिस्ट्रीने रजिस्ट्रारला किमान १८० दिवस आधी कळवले पाहिजे आणि त्या काळात जुन्या दराने दहा वर्षांपर्यंतचे नूतनीकरण देऊ केले पाहिजे. डॉट कॉमलाही सहा महिन्यांची पूर्वसूचना लागते. अडचण अशी की सूचना रजिस्ट्रारला मिळते, तुम्हाला नाही. ती ग्राहकाला कळवण्याची घाई अनेक रजिस्ट्रार करत नाहीत. पैसे भरल्यानंतर लुकअप पानावर मुदतीची तारीख खरोखर पुढे गेली का, हे डोळ्यांनी पाहावे. पाच वर्षांची पावती हातात आणि रजिस्ट्रीच्या दप्तरी एकच वर्ष, असे असेल तर ते नूतनीकरण झालेच नाही असे धरून त्याच दिवशी लेखी विचारणा करावी. माझे मत विचाराल तर लहान संस्थेने दहाऐवजी तीन ते पाच वर्षांचे भरावे; समिती बदलते, खजिनदार बदलतात, आणि दहा वर्षांनी पासवर्ड कोणाकडे होता हे कोणालाच आठवत नाही.

वाढ रजिस्ट्रारची असेल तर त्याचे दुकान सोडणे हाच विरोध आहे, आणि तो त्याला समजतो. नाव हलवायला नोंदणीनंतर किंवा मागच्या हलवणुकीनंतर ६० दिवस झालेले असावे लागतात. खात्यात जाऊन हस्तांतराचे कुलूप काढावे, संकेतक मागवावा (सगळे त्याला ‘ऑथ कोड’ म्हणतात), तो नव्या रजिस्ट्रारकडे द्यावा आणि ईमेलवर आलेली संमती द्यावी. मागितल्यापासून पाच दिवसांत हा कोड देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. डॉट कॉमचे हस्तांतर झाले की शिल्लक मुदत तशीच राहते आणि तिच्यात एक वर्ष वाढते, म्हणजे नव्या दुकानात भरलेले पैसे हेच नूतनीकरणाचे पैसे असतात. “पुढच्या वर्षाचे आमचे बिल भरा, मग सोडतो” असे कोणी म्हणाले तर ते नियमाबाहेरचे आहे. न सुरू झालेल्या मुदतीच्या थकबाकीसाठी हस्तांतर अडवता येत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. तुमचे नेमसर्व्हर (नाव टाकले की कोणत्या संगणकाकडे जायचे ते सांगणारी यंत्रे) जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर हस्तांतरानंतर ते बंद होऊ शकतात आणि मग संकेतस्थळ दिसत नाही, ईमेल येत नाही. आधी डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळ आणि ईमेल कोठे आहेत ते सांगणाऱ्या, सर्व नोंदींचा, विशेषतः ईमेलच्या एमएक्स नोंदींचा, स्क्रीनशॉट काढावा आणि त्या नव्या ठिकाणी भरून घ्याव्यात. शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नये. ताईंचे नाव आम्ही मुदतीच्या पाच आठवडे आधी हलवले. नव्या ठिकाणी ९९९ रुपये अधिक जीएसटी, असे १,१७८ रुपये ८२ पैसे लागले आणि गोपनीयता संरक्षण फुकट मिळाले.

रजिस्ट्रारला लिहायचे पत्र

फोनवर भांडू नये. फोनचा पुरावा आपल्याजवळ उरत नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक विक्रेत्या कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावे लागते. भारतात पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत. पत्र या अधिकाऱ्यालाच लिहावे. ताईंच्या पत्राचा मुख्य भाग असा होता:

“आमच्या डोमेनच्या नूतनीकरणासाठी आपण १,४९९ रुपये आकारले असून, रजिस्ट्रीने दर वाढवल्याचे कारण आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर सांगितले. डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर इतका स्थिर आहे. त्यामुळे कृपया पुढील तीन बाबींचा लेखी खुलासा करावा: रजिस्ट्रीची नेमकी कोणती दरवाढ आम्हाला लागू केली व ती कोणत्या तारखेची आहे, नोंदणीच्या दिवशी नूतनीकरणाचा दर आम्हाला कोणत्या पानावर दाखवला होता, आणि गोपनीयता संरक्षणासाठी आमची संमती केव्हा व कशी घेतली. संमतीचा पुरावा नसल्यास ती रक्कम बिलातून वगळावी.”

पत्रात विशेषण एकही नाही, हे मुद्दाम. प्रश्नच असे विचारावेत की त्यांचे उत्तर देताना एक तर तारीख द्यावी लागेल किंवा चूक कबूल करावी लागेल. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आले. त्यात रजिस्ट्रीचा उल्लेखच नव्हता. ‘आमचे सुधारित दर’ असा शब्दप्रयोग होता, आणि ५९९ रुपये वगळून नवे बिल जोडले होते. तोवर नाव दुसरीकडे गेलेले होते, परंतु ते पत्र ताईंनी फाइलीत लावून ठेवले आहे.

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतही बोलता येते. टोपलीत न विचारता सेवा टाकणे, शेवटच्या पानावर हळूच रक्कम वाढवणे, वर्गणी बंद करण्याचे बटण लपवणे, ‘दहाच मिनिटे उरली’ अशी खोटी घाई करणे, हे सारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकारांत मोजलेले आहे. तक्रारीत त्या प्रकाराचे नाव घालावे आणि आधीच टिचकी मारलेल्या चौकटीचा स्क्रीनशॉट जोडावा. ‘फार महाग लावले’ या वाक्यापेक्षा त्याचे वजन जास्त पडते. अनेक ग्राहकांना एकाच पद्धतीने फसवले जात असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते.

ग्राहक आयोग हा पुढचा टप्पा आहे. राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील लावणे सक्तीचे नाही. येथे नवी मुंबईकरांची एक गफलत होते: ऐरोली, घणसोली, वाशी, बेलापूर ही ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात, अर्ज त्या त्या जिल्हा आयोगाकडे जातो. समोरची बाजू हमखास म्हणणार की डोमेन व्यापारासाठी घेतले, म्हणून तुम्ही ग्राहक नाहीत. डोमेन केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतले आहे, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे. तरीही प्रांजळपणे सांगायचे तर पंधराशे रुपयांसाठी एकट्याने आयोगाच्या तारखा करणे परवडत नाही. समान तक्रार असलेले अनेक जण एकत्र आले, तरच हे हत्यार उपसावे. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनेचा सल्ला येथे उपयोगी पडतो.

एका बाबतीत मात्र रजिस्ट्रारविरुद्ध आयकॅनकडेही जाता येते. किरकोळ दर किती असावा यात आयकॅन पडत नाही. परंतु नूतनीकरणाचा आणि सोडवणुकीचा दर ग्राहकाला नोंदणीच्या वेळी सहज पाहता आला पाहिजे, आणि मुदतीच्या साधारण एक महिना व एक आठवडा आधी स्मरणपत्र पाठवले पाहिजे, अशी आयकॅनची सक्ती आहे. यांपैकी काही झाले नसेल, किंवा ऑथ कोड अडवला असेल, तर आयकॅनच्या करारपालन विभागाच्या अर्जात तेवढीच तक्रार भरावी. दराचा उल्लेख त्यात करू नये. केल्यास तेवढ्याच मुद्द्यावर अर्ज बंद होण्याची भीती असते. डॉट इनसाठी हा मार्ग नाही.

वाढ रजिस्ट्रीचीच असेल तर

आता खऱ्या घाऊक दरवाढीकडे येऊ. डॉट कॉमचा इतिहास येथे समजून घेण्यासारखा आहे, कारण तोच तुमच्या अर्जातला मजकूर आहे. २०१२ साली अमेरिकी सरकारने हा दर ७.८५ डॉलरवर गोठवला होता. २०१८ साली अमेरिकी वाणिज्य खात्याच्या एनटीआयए या विभागाने व्हेरिसाइनबरोबरच्या सहकार्य करारात दुरुस्ती करून सहा वर्षांच्या प्रत्येक टप्प्यातल्या शेवटच्या चार वर्षांत दरवर्षी ७ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा दिली. आयकॅनने त्यानुसार आपला करार बदलण्याचा मसुदा जानेवारी २०२० मध्ये हरकतींसाठी मांडला. नऊ हजारांहून अधिक हरकती आल्या, त्यांतल्या बहुतांश विरोधात, आणि मार्च २०२० मध्ये बदल मंजूर झाला. त्यानंतर दर ८.३९, ८.९७, ९.५९ आणि १०.२६ डॉलर असा चार पायऱ्यांनी चढला. पुढच्या चार पायऱ्याही पूर्ण ७ टक्क्यांच्या झाल्या तर तो साडेतेरा डॉलरच्या जवळ जाईल. २०२४ साली व्हेरिसाइनचे उत्पन्न सुमारे १.५६ अब्ज डॉलर आणि त्यातला परिचालन नफा १.०६ अब्ज डॉलर होता. खर्च वाढला म्हणून दर वाढवला असे म्हणायला या आकड्यांत जागा दिसत नाही.

डॉट ऑर्गची कथा विरोध करणाऱ्याला अधिक शिकवते. २०१९ साली आयकॅनने डॉट ऑर्गच्या दरावरची वर्षाला १० टक्क्यांची मर्यादा काढण्याचे ठरवले. तीन हजारांहून अधिक हरकती आल्या, जवळजवळ सर्व विरोधात, तरीही ३० जून २०१९ रोजी मर्यादा नसलेला करार झाला. त्या हरकतींपैकी पुष्कळ एकाच तयार नमुन्यातून पाठवलेल्या होत्या आणि आयकॅनच्या तेव्हाच्या लोकपालांनी त्यांची संभावना स्पॅमसारखी म्हणून केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एथोस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री १.१३५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा व्यवहार जाहीर केला. या वेळी स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या कामाच्या दाखल्यांसह विरोध केला, कॅलिफोर्नियाच्या महान्यायवाद्यांनी एप्रिल २०२० मध्ये आयकॅनला पत्र लिहून चिंता कळवली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनच्या संचालक मंडळाने संमती नाकारली. नेमचीप या रजिस्ट्रारने मर्यादा काढण्याच्या निर्णयाविरुद्ध स्वतंत्र पुनरावलोकन मागितले होते; २०२२च्या डिसेंबरमध्ये पुनरावलोकन करणाऱ्या मंडळाने निर्णयप्रक्रियेत आयकॅनने स्वतःच्याच पोटनियमांचा भंग केल्याचे म्हटले.

यावरून मी काढलेला निष्कर्ष असा: ‘दर जास्त आहे’ हा युक्तिवाद आयकॅनपुढे टिकत नाही, कारण आपण दरनियामक नाही असे उत्तर तिच्याकडे तयार असते, ‘निर्णय बंद दाराआड झाला, पोटनियमांत लिहिलेली पारदर्शकता पाळली नाही, करार निविदेविना आपोआप नवा होतो’ हा युक्तिवाद मात्र तिला टाळता येत नाही. हरकत लिहिताना वजन येथे ठेवावे.

हरकतीचा काळ साधारणपणे किमान ४० दिवसांचा असतो. आयकॅनच्या संकेतस्थळावर खाते उघडून, संबंधित प्रस्तावाच्या पानावरच्या अर्जात इंग्रजीतून उत्तर भरावे. मजकूर आधी मराठीत नीट उभा करावा आणि मग साध्या इंग्रजीत उतरवावा. तयार नमुना चिकटवू नये. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, ठाण्यात काय करता, कोणते नाव किती वर्षे वापरता ते लिहावे. दुसऱ्यात नाव बदलणे तुम्हाला का शक्य नाही ते प्रत्यक्ष वस्तूंनी दाखवावे. ताईंच्या गटाचे डोमेन मसाल्याच्या चार हजार छापील पाकिटांवर आहे, अन्न परवान्याच्या अर्जातल्या ईमेलमध्ये आहे आणि टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवात लावलेल्या फलकावर आहे. ‘ग्राहक दुसऱ्या विस्ताराकडे जाऊ शकतात’ या रजिस्ट्रीच्या आवडत्या मुद्द्याला त्या पाकिटांइतके चांगले उत्तर नाही. तिसऱ्या परिच्छेदात कराराचे नेमके कलम, त्यात हवा असलेला बदल आणि त्याचे कारण लिहावे; उदाहरणार्थ, वाढीची मर्यादा महागाईच्या निर्देशांकाशी जोडावी, किंवा वाढीपूर्वी खर्चाचा ताळेबंद जाहीर करावा. एका पानापेक्षा मोठी हरकत लिहू नये.

मंजुरीनंतरही निर्णयाने थेट बाधित झालेल्याला ३० दिवसांच्या आत पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. पोटनियमाचा भंग दाखवता येत असेल तरच तो करावा. स्वतंत्र पुनरावलोकन मात्र वकिलांच्या फौजेचे काम आहे, ते मोठ्या रजिस्ट्रारांवर सोडावे. दीर्घ पल्ल्याचा विचार असेल तर आयकॅनच्या रचनेतच शिरता येते: व्यक्तींना आशिया-पॅसिफिक विभागाच्या ॲट-लार्ज, म्हणजे सामान्य इंटरनेट वापरकर्त्यांच्या, संघटनेत, आणि नोंदणीकृत संस्थांना ना-नफा संस्थांच्या गटात निःशुल्क सदस्य होता येते. बैठकींना दुरून हजर राहून सार्वजनिक सत्रात प्रश्न विचारता येतो. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये अशी एक बैठक हैदराबादला झाली होती, आणि आपल्याकडच्या फारच थोड्या छोट्या डोमेनधारकांना तिची खबर होती.

डॉट इन, आणि दिल्लीचा मार्ग

डॉट इनच्या बाबतीत आपली बाजू तुलनेने भक्कम आहे, कारण निक्सी ही इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतली ना-नफा कंपनी आहे आणि तिला माहितीचा अधिकार लागू होतो. दहा रुपये शुल्क भरून ऑनलाइन अर्ज करावा आणि मते न मागता दस्तऐवज मागावेत: गेल्या पाच वर्षांतल्या दरबदलांची परिपत्रके, दर ठरवणाऱ्या बैठकांची इतिवृत्ते, आणि तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या कंपनीला दर डोमेनमागे दिल्या जाणाऱ्या रकमेची नोंद. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. शेवटच्या प्रश्नाला व्यापारी गुपिताचे कारण देऊन नकार मिळू शकतो, तेव्हा पहिले अपील आणखी ३० दिवसांत करावे. डॉट इनमध्ये गोपनीयता संरक्षणाची सेवा चालत नाही, त्यामुळे डॉट इनच्या बिलात ती ओळ दिसली तर ती सरळ खोडायला लावावी.

डॉट कॉमच्या दरवाढीबद्दलही याच मंत्रालयाला लिहिण्यात अर्थ आहे, कारण आयकॅनच्या शासकीय सल्लागार समितीत भारताची बाजू तेच मांडते. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाकली की २१ दिवसांत निकाली काढण्याचे बंधन आहे. ‘दर कमी करा’ असे लिहिले तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ हे एका ओळीचे उत्तर येईल. त्याऐवजी मंत्रालयाने समितीत या विषयावर कोणती भूमिका घेतली आहे, आणि भारतीय लघुउद्योगांकडून मते केव्हा मागवली होती, एवढेच दोन प्रश्न विचारावेत.

नव्या विस्तारांपैकी, म्हणजे डॉट शॉप, डॉट ऑनलाइन यांसारख्यांपैकी, एखादे घेण्याचा विचार असेल तर विरोधाची वेळ खरेदीच्या आधी येते. त्यांच्या करारात दरावर कमाल मर्यादा नाही. २०१७ साली युनिरजिस्ट्री या कंपनीने आपल्या काही विस्तारांचे दर एकदम कित्येक पटींनी वाढवण्याचे जाहीर केले होते. अशा विस्तारांत नूतनीकरणाचा दर सर्वांना समान ठेवण्याचे बंधन आहे, परंतु ज्याने खरेदीच्या वेळी अधिक दराला स्पष्ट संमती दिली त्याला ते संरक्षण मिळत नाही, आणि ती संमती ‘प्रीमियम’ या शब्दाशेजारच्या छोट्या चौकटीत दडलेली असते. तो शब्द दिसला की पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाचा दर ईमेलवर लेखी मागवावा.